देवजीने मोडलेली तारीख

"तारीख खोटं बोलत नाय. माणूस बोलतो."

देवजी हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हणायचा. कुणी म्हणालं, मागच्या होळीला असं झालं, की देवजी बोट वर करायचा. होळी नाय, होळीच्या आधी. मग महिना सांगायचा, तारीख सांगायची आणि वर हे वाक्य. या वाक्यापुढे बोलायला जागाच नसायची.

झरी गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि माणसांची नावंही मी बदलली आहेत. का, ते पुढे कळेल.

देवजी तरुणपणी डहाणूला एका मंडपवाल्याकडे कामाला होता. लग्नाच्या हंगामात बांबू ठोकायचे, भोंगे टांगायचे, वायरी ओढायच्या. पुढे मालकाने धंदा मोडला आणि देवजी एक भोंगा, आवाज वाढवायचं एक मशीन आणि एक माइक घेऊन पाड्यावर परत आला. काही वर्षं आमच्याकडच्या लग्नांत त्याचाच भोंगा वाजला. मग मोठमोठ्या खोक्यांचे डीजे आले, छातीत धडधड करणारे, आणि देवजीचा भोंगा त्याच्या घरापुढच्या ताडावर नुसता टांगलेला राहिला.

पण देवजी गप्प बसणारा माणूस नव्हता. शाळेत गुरुजी सकाळी दिनविशेष वाचायचे, तो त्याने कुंपणाबाहेरून ऐकला होता. आज कोण जन्मलं, कोण वारलं, कुठली लढाई झाली. त्याला वाटलं, हे पोरांनीच का ऐकायचं? एका सकाळी ताडावरचा भोंगा खरखरला आणि पाड्याला आपला पहिला दिनविशेष ऐकू आला.

सुरुवातीला जगाच्याच गोष्टी असायच्या. मग त्यात आमच्या गोष्टी येऊ लागल्या. देवजी खणखणीत आवाजात सांगायचा, "आजच्या दिवशी माणसाने चंद्रावर पाय ठेवला. आजच्याच दिवशी भिकीची म्हैस पुरातून पोहून परत आली." लोक हसले, पण भिकी हसली नाही. ती आठवडाभर मान ताठ ठेवून पाण्याला गेली. जगाच्या ओळीत आपली ओळ बसली, ही केवढी गोष्ट. त्यानंतर पाड्यात काहीही घडलं की माणूस आधी देवजीकडे जायचा. पोर झालं, जा देवजीकडे. वाघोबाच्या दगडावर झाड पडलं, जा देवजीकडे. तो तारीख बघायचा, जगात त्या दिवशी काय झालं ते आठवायचा आणि दोन्ही एका दाव्याला बांधून डोक्यात ठेवायचा.

आता एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आमची माणसं दिवस पाळणारी आहेत. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. बांबू भर चांदण्यात तोडत नाहीत, त्याला कीड लागते. पण हे सगळं चांदावर चालतं. तारीख ही आमची नव्हतीच. ती शाळेची, कचेरीची, कॅलेंडरची. ती देवजीने पाड्यात आणली. आणि आमच्या माणसांनी तिलाही तेच केलं जे दिवसाला करतात. ते ती पाळू लागले.

त्याच सुमारास जमीन हलू लागली होती. आधी खालून गडगड यायची, मोठा ट्रक जमिनीच्या पोटातून गेल्यासारखी, मग भांडी वाजायची, मग भिंत. असे हादरे किती आले ते मोजण्यात अर्थ नव्हता. एका डिसेंबरात, सकाळी, सुकीच्या घराची भिंत पडली. तिचा नवरा रघ्या भिंतीला टेकून विळ्याला धार लावत होता. विळा हातातच राहिला.

पुढच्या वर्षी त्या दिवशी देवजीने भोंगा लावला. अकरा डिसेंबर. त्याने तीन ओळी सांगितल्या. "आजच्या दिवशी कोयनेचा मोठा भूकंप झाला. आजच्याच दिवशी आपल्या पाड्याची विहीर खणताना ढासळली आणि दोन माणसं आत राहिली. आजच्याच दिवशी आपला रघ्या भिंतीखाली गेला."

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. देवजीने त्यात एक अक्षर घातलं नव्हतं. पण तीन दगड एकावर एक ठेवले की त्याला कुणीतरी शेंदूर लावतोच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाड्यात एकच बोलणं झालं: ही तारीख माती मागते.

पुढचं वर्ष उजाडलं, पाऊस सरला, भात कापून झालं. डिसेंबर लागला तसं माणसांचं बोलणं कमी झालं. बायका फडताळातली भांडी खाली उतरवू लागल्या. मग पाड्याची बैठक बसली आणि ठरलं: अकरा तारखेला उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत कुणी छपराखाली राहायचं नाही. सगळ्यांनी कापलेल्या शेतात बसायचं. पोरांनी शाळेत जायचं नाही. स्लॅबच्या घरात तर पाऊल टाकायचं नाही.

देवजी घाबरला. त्याला वाटलं होतं, आपण आठवण सांगतो. लोकांनी तिचा हुकूम केला होता. तो लक्ष्या भगताकडे गेला. लक्ष्या म्हातारा, एका डोळ्याने अधू, तोंडाने तिखट. तो अंगणात सुपं विणत होता.

"लक्ष्या, तू सांग या लोकांना. तुझं ऐकतील."

"मी काय सांगू?"

"की हा दिवस वाईट नाय म्हणून."

लक्ष्याने बांबूची चोय दातात धरून ओढली. "माझे देव चांदावर चालतात. अकरा तारीख कुठल्या देवाची ते मला ठाव नाय. ती तू आणलीस. मी आणलेला दिवस असता तर कोंबडा घेऊन उतरवला असता. तुझा दिवस तू उतरव."

"कसा उतरवू?"

"तुझ्या भोंग्याला विचार. तो माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो."

आदल्या दिवशी देवजीने भोंग्यावरून सांगून पाहिलं. तारीख म्हणजे नुसती खूण, शेताच्या बांधावरच्या दगडासारखी, दगड कुणाला मारत नाही. लोकांनी ऐकलं आणि एकमेकांकडे पाहिलं. दीपेश, बारावीला बसलेला, मोबाइल खिशात घालत म्हणाला, "कचेरीतून दम दिला असेल काकाला. घाबरवू नको म्हणून." झालं. लोकांनी अंथरुणं जास्तच लवकर बांधली.

अकरा तारीख उजाडली ती धुक्यात. सगळा पाडा शेतात होता. भाताच्या खुंटांवर ताडपत्र्या पसरलेल्या, काठ्यांवर कापडं ताणलेली, तीन दगडांच्या चुली. कुत्री गोंधळून घरं आणि शेतं यांच्यामध्ये धावत होती. देवजीही शेतात होता, पण कुणापाशी बसला नव्हता.

आणि सुकीची सून जयश्री हिला कळा सुरू झाल्या.

दिवस अजून भरले नव्हते, म्हणून कुणी तयारी केली नव्हती. भिकी पाड्याची दाई. तिच्या हाताने अर्धा पाडा जगात आला. तिने ताडपत्रीच्या आडोशात जयश्रीला तपासलं आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"पोर आडवं हाय," ती म्हणाली. "हात पुढे आलाय. हे माझ्या हाताचं काम नाय. हिला डहाणूला न्या. आत्ता."

आशाताई हर्षदाने आधीच फोन लावला होता. एकशे आठची गाडी रस्त्याला येऊन उभी राहिली. शेतातून गाडीपर्यंत सगळी उघडी वाट होती, आणि तिच्या मधोमध सुकी उभी होती.

"नाय," सुकी म्हणाली.

"मावशी, दोघं जातील," हर्षदा म्हणाली. "ऐक माझं. पोट कापून बाळ काढावं लागेल. ते शेतात होत नाही."

"तिथे दोन मजल्यांचा स्लॅब हाय. आज अकरा हाय. माझा माणूस साध्या मातीच्या भिंतीखाली गेला, आणि तुमी हिला स्लॅबखाली घालता?"

"सुके, इथे ठेवलीस तर मरेल," भिकी म्हणाली.

"इथे मरेल ते तुमी म्हणता. तिथे मरेल ते तारीख म्हणते."

तिच्या मागे चार बाप्ये येऊन उभे राहिले. त्यांनी रघ्याला मातीतून ओढून काढलं होतं. ते जागचे हलत नव्हते. आणि आडोशातून जयश्रीचाच आवाज आला, दात आवळून बोलल्यासारखा. "मला स्लॅबखाली नका नेऊ. आज नको. उद्या न्या."

तिचा नवरा मनिष तिथेच उभा होता. तो कधी आईकडे बघायचा, कधी गाडीकडे. त्याने ओठ इतका चावला होता की रक्त आलं होतं. त्याला पुढे व्हायचं होतं आणि त्याचे पाय होत नव्हते, कारण त्यालाही भीती होती. बापाला ओढणाऱ्या हातांत त्याचेही हात होते.

हर्षदा देवजीकडे वळली. "काका, तुम्ही लावलीत ही आग. आता नुसतं बघत काय बसलात?"

देवजी उठला. तो शेत ओलांडून घरांकडे चालू लागला, मग धावू लागला. त्या वयात त्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सबंध पाड्यात छपराखाली गेलेला तो एकटा माणूस.

ताडावरचा भोंगा खरखरला. शेतातल्या सगळ्या माना वळल्या.

"ऐका. देवजी बोलतो." धावल्याचा श्वास माइकमध्ये वाजत होता. "मी चुकीचं सांगितलं. विहीर ढासळली ती अकराला नाय. ती नाताळाच्या दिवशी. मी तेव्हा इथे नव्हतो, डहाणूला होतो. मागून ऐकलं आणि मनाने तारीख ठोकली."

भोंगा पुन्हा खरखरला.

"रघ्याची भिंत पण अकराला नाय पडली. ती चौदाला पडली. मला ठाव होतं. पण कोयना अकराला झाली. मला ओळ जुळवायची होती. तिन्ही एका दिवशी आले तर ऐकायला बरं वाटतं. म्हणून मी चौदाचे अकरा केले. आज साधा दिवस हाय. पोरीला जाऊ द्या."

भोंगा बंद झाला. धुक्यात तो आवाज विरायला जरा वेळ लागला.

सुकीच्या तोंडावर आधी काही उमटलंच नाही. तिला नवऱ्याचा दिवस ठाऊक होता, पण तिच्या पद्धतीने: उधव्याचा बाजार झाला होता त्याच्या दुसऱ्या दिवशी, चांद डोंगरावर अर्धा होता तेव्हा. अकरा हा आकडा तिला देवजीनेच दिला होता. आता त्यानेच तो परत घेतला. आकड्याची खात्री देणारा पाड्यात आता आणखी एकच माणूस होता.

"मनिष," ती म्हणाली. "बापाचा दाखला काढायला कचेरीत तू गेला होतास. तू वाचलास. काय तारीख होती?"

सगळा पाडा मनिषकडे वळला.

मनिषला तारीख पाठ होती. दाखल्यावर अकरा होते. ते अकरा त्याने इतक्या वेळा पाहिले होते की डोळे मिटले तरी दिसायचे. देवजी खोटं बोलतो आहे, आणि का बोलतो आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. आणि हेही कळलं की आता हे खोटं त्याच्या हातात आलं आहे. त्याने होकार दिला, आणि आज दवाखाना कोसळला, तर बायकोला स्लॅबखाली पाठवणारा तोच.

आडोशातून जयश्रीचा आवाज आला. या वेळी त्यात शब्द नव्हते.

"चौदा," मनिष म्हणाला. "काका बरोबर सांगतात. चौदाच होती."

सुकी बाजूला झाली. त्या चार बाप्यांनीच जयश्रीला गोधडीत उचलून गाडीत नेलं. मनिष आणि सुकी मागोमाग चढले.

मागून देवजी कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून डहाणूला पोचला. तोपर्यंत जयश्रीला आत नेलं होतं. मनिष कागदांवर सह्या करत होता. सुकी मात्र दवाखान्याच्या आत शिरली नव्हती. बाहेर बदामाच्या झाडाखाली उकिडवी बसली होती, नजर इमारतीच्या वरच्या कडेवर लावून, जणू ती नजरेनेच कड धरून ठेवत होती. देवजी तिच्यापासून जरा लांब बसला.

आणि मग गडगड आली. बारीक होती. पायाखालून आली आणि गेली. पण दवाखान्याच्या काचा खणखणल्या, आणि आतली माणसं बाहेर धावली, कुणी पोरं कडेवर घेऊन, कुणी सलाइनची बाटली हातात धरून. बदामाची दोन पानं गळून पडली.

सुकी उभी राहिली. तिने देवजीकडे पाहिलं.

"देवजी. खरं सांग. चौदा का अकरा?"

देवजीच्या ओठांशी काय आलं असेल ते मी सांगू शकत नाही. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याची तारीख चुकू दिली नाही, त्याला एका सकाळी दोनदा तीच चूक करायची होती, आणि या वेळी डोळ्यांत बघून.

"चौदा," तो म्हणाला.

मग तो उठला आणि बाहेर येणाऱ्या माणसांच्या उलट्या दिशेने दवाखान्यात शिरला. ऑपरेशनच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून खाली बसला. वर दोन मजले. सुकीला तो उघड्या दारातून दिसत होता. तिने बराच वेळ बघितलं. मग पायरी चढली, अजून एक चढली, आणि त्याच्या समोरच्या भिंतीला टेकून बसली. रघ्या गेल्यापासून ती भिंतीला टेकली नव्हती.

नर्सने दार उघडलं तेव्हा मनिष धावत आला. मुलगी झाली होती. जयश्री शुद्धीत यायची होती, पण बरी होती. सुकीने हात जोडले, कुणाला ते तिलाच ठाऊक. देवजी कधी उठून गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

यानंतर देवजीचं काय झालं, ते सांगायला मला जड जातं.

पाड्याने त्याला मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. पाडा हसला. दुसऱ्या सकाळी तो रस्त्याने जाताना दीपेश म्हणाला, "काका, माझी जन्मतारीख तरी खरी का? का मला पण कुठल्या पुढाऱ्याच्या ओळीत बसवलास?" पोरं खिदळली. मग ते चालूच राहिलं. कुणी तारखेवरून भांडायला लागलं की दुसरा म्हणायचा, "जा, देवजीकडून जुळवून आण." भिकीसुद्धा एकदा म्हणाली, "माझी म्हैस तरी त्या दिवशी आली होती का रे?" देवजी म्हणाला, आली होती. भिकीने नुसती मान हलवली.

ही थट्टा त्याने सोसली. सुकीची मात्र थट्टा नव्हती. ती एकदाच बोलली, विहिरीवर, चार बायकांसमोर. "मी माझ्या माणसाचा दिवस तुझ्यापाशी ठेवायला दिला होता. तू तो ओळ जुळवायला वापरलास." त्यानंतर तिने त्याच्याकडे पाहणं सोडलं.

देवजीने भोंगा लावणं बंद केलं. तारखा विचारायला कुणी यायचं नाही. दिनविशेष काय, तो मोबाइलवर येतो, खाली फुलांचं चित्र असतं. देवजी पुढच्या भाताची लावणी करून आला, कापणी करून आला, आणि त्याच्या तोंडून कुणी एक तारीख ऐकली नाही. ते वाक्यही नाही.

वर्ष फिरलं. अकरा डिसेंबर आली आणि पाड्यात कुणाला कळलंसुद्धा नाही. माणसं घरांत होती. पोरं शाळेत गेली. बायका ओसरीवर नाचणी पाखडत होत्या. त्या दिवशी देवजी पाड्यातून फिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक घराच्या छपराखाली कोण बसलं आहे ते बघत गेला. हे मी स्वतः पाहिलं. तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला काही सुचत नाही म्हणून भटकतो आहे.

त्या संध्याकाळी मनिष त्याच्या घरी गेला. पुढचं मला मनिषनेच सांगितलं.

"काका, आता पुरे," मनिष म्हणाला. "मी उद्या सगळ्यांना सांगतो. दाखला दाखवतो. तुमी खरे होतात."

"आणि मग?"

"मग काय. तुमचं नाव परत येईल."

"आणि तारीख पण परत येईल." देवजी चुलीत काटकी सरकवत होता. "तुझी पोरगी कुठल्या दिवशी झाली?"

मनिषने चुलीकडे पाहिलं.

"कोयना, विहीर, तुझा बाप, आणि चौथी ती. मोठी होईल, लगीन निघेल, तेव्हा कुणीतरी बोट करील. ही त्या तारखेची. मी या लोकांना वळखतो. तारखा मीच शिकवल्या त्यांना."

"मग आईला एकटीला सांगू द्या. ती तुमच्याकडे बघत नाय, ते मला बघवत नाय."

"आईला तर बिलकूल नको. ती पोरगीला कमरेवर घेऊन फिरते. फिरू दे."

देवजीची मुलगी दक्षा नरपडला दिलेली आहे. जावई चिकूच्या वाडीत कामाला. ती बापाला बोलवून बोलवून थकली होती. देवजीने ठरवलं, जायचं. मनिष म्हणाला, मोटारसायकलवर सोडतो. देवजी नको म्हणाला. रिक्षा रस्त्याला मिळेल, तिथवर पाय आहेत.

तो निघाला तेव्हा ऊन वर आलं होतं. अंगावर धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. भोंगा ताडावर तसाच होता, त्यात साळुंकीने काड्या भरल्या होत्या. वाटेत कुणी विचारलं नाही कुठे चाललास म्हणून. लक्ष्या भगत मात्र सुपं विणायचं थांबवून उठला आणि तो पुढे जाईपर्यंत उभाच राहिला.

सुकीचं घर वाटेवरच आहे. ती ओसरीवर होती, नात कमरेवर. देवजी जवळ आला तशी ती सवयीने पाठ फिरवायला निघाली. पण मुलीने हात पुढे केला होता, रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही करते तसा, आणि तिला पडू न देण्यासाठी सुकीला वळावं लागलं. देवजीने मुलीकडे पाहिलं. सुकीकडे पाहिलं नाही. तो थांबला नाही.

तो शेतातून उतरला, ओढ्याचे दगड ओलांडले आणि समोरच्या चढाला लागला. चढ लांब आहे, सबंध दिसतो. मनिष दारात आला आणि आईमागे उभा राहिला. त्याने काही सांगितलं नाही. सुकी त्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत होती. सदरा लहान होत होत वळणाच्या सागांत गेला. मुलगी कंटाळून रडू लागली, तरी सुकी आत गेली नाही.